सखी नसलेली उदासी

फ्रान्समधल्या आमियाँच्या पिकार्दी संग्रहालयातलं तैलचित्र: कोंस्तांस मारी शार्पांतिये यांचं ‘ला मेलांकोली’, १८०१. विलोच्या झुकलेल्या फांद्यांखाली पांढऱ्या वस्त्रातली तरुणी. मान खाली, हात सैल सुटलेले. मागे काळोखी झाडी.

*

आपल्या लघुचित्रांतल्या विरहिणीच्या दुःखाला पत्ता असतो. ढग दाटलेत, शेज रिकामी आहे, सखी समजूत घालते आहे. इथे सखी नाही, कुणाची वाट पाहणंही नाही.

*

चित्रामागे गाब्रिएल लगुवे यांची त्याच नावाची कविता, १७९८ची. उदासीची उघड बाजू घेणारी. तिच्याच जोडीला दफनावरची कविता. गिलोटिनची वर्षं तेव्हा नुकतीच सरली होती. पॅरिसात रडायला कारणं हवी तेवढी. म्हणूनच कारण न विचारणारी उदासी लोकांना जवळची वाटली असावी. हा आपला माझा तर्क.

*

ड्यूररची १५१४ची उदासी आठवते. पंखवाली बाई, गालाला मूठ, भोवती करवत, तराजू, वाळूचं घड्याळ. तिला खूप करायचंय, सुचत नाही. शार्पांतियेंनी हा सगळा पसारा आवरून टाकला. पंखही काढले.

*

चित्रकार दावीदच्या ‘होरेशियस बंधूंच्या शपथे’त (१७८४) तलवारी मधोमध आणि बायका कोपऱ्यात, खांदे टाकून बसलेल्या. ही तरुणी मला त्यांच्यातलीच वाटते. फरक एवढाच की इथे अख्खा कॅनव्हास तिचा आहे, आणि शपथ घेणारे पुरुष घालवून दिलेत. दावीदच्या वळणाची रेषा वापरून दावीदच्या चित्राला दिलेलं इतकं शांत उत्तर दुसरं मी पाहिलेलं नाही.

*

विलो जरा जास्तच होतो, खरं सांगायचं तर. मान झुकली आहे, फांद्याही झुकल्या आहेत. एकाने भागलं असतं. पण त्या काळात या झाडाची चलतीच होती. पुढे सेंट हेलेनावर नेपोलियनच्या कबरीपाशीही विलोच होते.

*

न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात खिडकीपाशी चित्र काढत बसलेल्या एका तरुणीचं चित्र आहे. तेही १८०१चंच. ते दावीदचं म्हणून नावाजलं गेलं. १९५१मध्ये कलाइतिहासकार शार्ल स्टर्लिंग यांनी ते शार्पांतियेंच्या नावावर सुचवलं, आणि मग कौतुक करणाऱ्यांना त्यात बायकी उणिवा दिसू लागल्या. आता संग्रहालय ते मारी-देनीझ व्हिलेर्स यांचं मानतं. दोन्ही बायकाच, त्यामुळे या वेळी फारसा गदारोळ झाला नाही.