राजाचा देव आणि गळ्यातले देव

कैरोहून दक्षिणेला साधारण ३०० किलोमीटर गेलं की नाईलच्या पूर्व तीरावर अमार्ना लागतं. पिरॅमिड बघून आलेल्यांना इथे आधी काहीच दिसत नाही. वाळू, कच्च्या विटांच्या बुटक्या भिंती आणि मागे डोंगरकड्यांची कमान. इ.स.पू. १३५० च्या सुमारास फॅरो अखेनातेनने आपली नवी राजधानी वसवली ती याच ओसाड जागी. त्याचा देव एकच, सूर्यबिंब आतेन. आधीचा मोठा देव आमून, त्याचं नाव तर राजाने देशभरातल्या भिंतींवरून खोडून काढलं.

पण साध्या घरांत काय चाललं होतं? फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१-९२ मध्ये इथे उत्खनन केलं, तेव्हा मणी, अंगठ्या आणि ताईत घडवायचे मातीचे साचे हजारोंनी मिळाले. इथल्या ताइतांमध्ये दोन जुने देव वारंवार भेटतात. जीभ बाहेर काढलेला, सिंहासारखी आयाळ असलेला ठेंगणा बेस आणि मागच्या पायांवर उभी असलेली गरोदर पाणघोडी तावेरेत. दोघेही बाळंतिणीचे आणि तान्ह्या बाळाचे राखणदार. कामगारांच्या वस्तीत तर एका घराच्या भिंतीवर नाचणारे बेस रंगवलेले होते.

हे ताईत जेमतेम बोटाच्या पेराएवढे, ओवायला भोक असलेले. गारगोटीची पूड, थोडा क्षार, चुना आणि तांब्याचा अंश कालवून साच्यात दाबायचं. वाळताना क्षार आपोआप पृष्ठभागावर येतो आणि भट्टीत त्याचीच निळी-हिरवी झिलई होते. वेगळा मुलामा द्यावा लागत नाही. स्वस्तातलं काम, म्हणून गरिबालाही परवडणारं.

अमार्नाच्या चित्रांत आतेनच्या किरणांना हात असतात, पण ते हात जीवनाचं चिन्ह धरतात ते राजा-राणीच्या नाकाशी. इथल्या सामान्यांच्या दफनभूमीत मात्र लहान मुलांचे आणि ऐन तारुण्यात गेलेल्यांचे सांगाडे फार, कष्टाच्या खुणा हाडांवर उमटलेले. अशा घरातल्या आईला मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर जवळचा देव हवा होता, मुठीत धरता येईल असा.

अखेनातेननंतर काही वर्षांतच राजधानी ओस पडली. बेस मात्र पुढे रोमन काळापर्यंत लोकांच्या गळ्यात राहिला.

अमार्नाला गेलात तर राजाचं थडगं जरूर बघा, पण त्या बुटक्या भिंतींमधूनही सावकाश फिरा. आणि पुढे एखाद्या संग्रहालयात निळा, जीभ काढलेला बेस दिसला, तर ओवायचं भोक शोधा. ते दिसलं की तो कुणाच्या तरी गळ्यासाठी घडला होता, हे लगेच उमगतं.