तिथून पुढचे रंग

आईचा फोटो साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला की आई दिसत नाही. पानंच्या पानं नुसती अगम्य चिन्हं. त्यांतली दोन-चार खोडून फाइल पुन्हा फोटो म्हणून उघडायची. कपाळापर्यंत आई जशीच्या तशी असते. त्याखाली हिरवं पातळ जांभळं झालेलं, खांदा सरकलेला, तुळस पार दुसऱ्या काठाला. फाइलीच्या सुरुवातीच्या भागाला, म्हणजे हेडरला, मात्र हात लावायचा नाही. तो बिघडला तर फोटो बहुधा उघडतच नाही.

जेपेग या फोटोच्या फाइलप्रकारात चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड आणि रंग पूर्ण लिहून ठेवत नाहीत. आधीच्या चौकोनापेक्षा तो किती वेगळा, एवढंच लिहितात. त्यामुळे एक नोंद बिघडली की तिथून खालचा सगळा हिशेब चुकत जातो. आमच्या घरातही माणसं अशीच फरकानं ओळखली जायची. भाऊ आईसारखा पण अबोल, मी आईसारखी पण उंच. आई गेली आणि बाबांनी दुपारचा चहा सोडला, मावशीचे फोन थांबले, दिवाळीचा फराळ कुणाकडे यावरून दोन घरांत अबोला धरला गेला. तिचा ज्यांच्याशी काही संबंध नव्हता, त्या गोष्टींचेही रंग बदलले.

फाइलींच्या या मोडतोडीला ग्लिच आर्ट म्हणतात. डच कलावंत रोझा मेंकमन यांनी 2010 मध्ये स्वतःचाच चेहरा निरनिराळ्या प्रकारच्या फाइलींत मोडून, कुठली फाइल कशी मोडते हे दाखवलं होतं. व्हिडिओचं मोडणं तर आणखी विलक्षण. त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं. मधे फक्त काय हललं याच्या नोंदी. भाचीच्या व्हिडिओला मी आईचा व्हिडिओ जोडला आणि आईचं पहिलं पूर्ण चित्र काढून टाकलं. आजीला कधीच न पाहिलेल्या त्या मुलीचा चेहरा आईच्या लकबीनं मागे वळला. थोडा वितळला, पण वळला.

भावानं आईचा तोच फोटो एका ॲपमधून ‘सुधारून’ आणला. गाल गुळगुळीत, दात एका ओळीत. आईचा एक दात पुढे होता! ॲपला जे दिसलं नाही, ते त्यानं मनानं भरलं. मामींना मी मोडलेला फोटो बघवला नाही. “अगं, आईचं असं कशाला करतेस?” म्हणाल्या. पण मी मोडलेल्या फोटोत बाहेरून काही आणलेलं नाही; त्यात नोंदी तिच्याच आहेत, फक्त भलत्या जागी पोचलेल्या. मला तो सुधारलेल्या फोटोपेक्षा खरा वाटतो.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर आधी फाइलची प्रत काढा. मूळ फोटो दुसरीकडे नीट ठेवा, आणि जे काय मोडायचं ते त्या प्रतीत मोडा.