झोपायला की जेवायला?

भाडेकरू म्हणजे जागेला चिकटलेली जळू, असं आमच्या घरात उघड बोललं जायचं. कसब्यात तांबट आळीच्या अलीकडे आमचा वाडा. आम्ही मालक, पण राहायला केव्हाच कोथरूडला. वाड्यात उरलेली बिऱ्हाडं महिना वीस-पंचवीस रुपये भाडं देणारी. भाडेनियंत्रणाचा १९४७चा कायदा आणि मग १९९९चा, दोन्हींना वडिलांनी मनसोक्त शिव्या घातल्या. मी त्या वारसाहक्काने पुढे चालवल्या.

त्यात मला आकड्यांची हौस. पुणे महापालिका हद्दीत २००१ला २५ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ला ३१ लाखांच्या वर. पण वाढलं ते कडेचं पुणे. पेठांतून माणसं बाहेरच पडत होती. मग कसब्यात घरांची गरज कुणाला आहे? बिल्डरकडून फुकटचा फ्लॅट पदरात पडावा म्हणून ही मंडळी अडून बसलीत, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ठासून सांगायचो. आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाला सहसा कुणी अडवत नाही.

दर पावसाळ्याआधी वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस यायची. शेवटी पुनर्विकासाचं मनावर घेतलं. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आमची जागा येत नाही, एवढं नशीब. त्या हद्दीतल्यांना नवं बांधकामच करता येत नाही. आर्किटेक्टने बिऱ्हाडवार माणसांची यादी मागितली, म्हणून वही घेऊन दारोदार निघालो. लहानपणी ज्यांच्या हातचं थालीपीठ खाल्लं, त्या काकूंच्या दारात उभा राहून विचारलं, ‘‘काकू, घरात माणसं किती?’’

‘‘झोपायला की जेवायला?’’

मला वाटलं, चेष्टा करताहेत. की मालकाला शब्दांत पकडताहेत? पण त्यांचा चेहरा साधाच होता; मी सरळ प्रश्न विचारला नव्हता म्हणून त्यांनी तो सरळ करून घेतला होता. जेवायला सहा, झोपायला चार. एक खोली, पुढे अरुंद गॅलरी. धाकट्याचं लग्न झालं तेव्हापासून खोली रात्री त्या दोघांची. काकू आणि थोरली सून गॅलरीत. नातू समोरच्या मित्राकडे. थोरला मंडळाच्या ऑफिसात.

‘‘आणि पावसाळ्यात?’’

‘‘पावसाळ्यात भांडतो,’’ काकू म्हणाल्या आणि हसल्या.

मला हसू येईना. कारण थोरला मंडळात झोपतो हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं. त्यावरून मी त्याची टिंगलही केली होती: घरदार सोडून हा मंडळात पडलेला असतो, गणपती याचा बारा महिन्यांचा! बायको-मुलगा असलेला माणूस रोज रात्री सतरंजी काखेत मारून जिना का उतरतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. की पडू दिला नाही? पडला असता तर उत्तर माझ्याच वाड्यात सापडलं असतं, आणि मग पंगतीत काय बोलणार होतो?

वहीत ‘व्यक्ती’ असा एकच रकाना होता. त्यात मी सहा लिहिलं आणि पुढच्या दाराकडे गेलो, पण लिहिताना हात अडला. एक बिऱ्हाड म्हणून ज्यांची नोंद करत होतो, ती खरं तर तीन बिऱ्हाडं होती.

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की तज्ज्ञांना हे नवं नाही. अमिताभ कुंडूंच्या अध्यक्षतेखालच्या गटाने २०१२मध्ये देशातल्या शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई सांगितली. त्यात बेघर कुटुंबं साडेपाच लाखांच्या आतच. दीड कोटीच्या आसपास टंचाई निव्वळ दाटीची: डोक्यावर छप्पर आहे, पण लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. पुण्यात तर गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली १९३६-३७मध्येच दारोदार फिरून शहराची पाहणी केली होती. मी त्या संस्थेवरून रोज जायचो आणि पाठ केली नुसती डोकी. तीही २०११ची, २०२१ची जनगणना झालीच नाही.

पेठेतली माणसं घटली ती गरज सरली म्हणून नव्हे. ज्यांना परवडलं ते गेले, आणि त्यांत आम्ही पहिले. उरलेल्यांनी कशी जागा काढली, ते गॅलरीत दिसत होतंच.

त्याच २०११च्या गणतीत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली. त्यातलं एक वाकडला, आमचं. गुंतवणूक म्हणून घेतलेलं, कुलूप घातलेलं. जागा अडवून कोण बसलं होतं?

वाड्याचं काम अजून कागदावरच आहे. भाडेकरूंना द्यायच्या जागेबद्दल मी आता घासाघीस करत नाही. भाऊ करतो, आणि त्यावरून आमचं वाजतं. वाकडचा फ्लॅट मात्र अजून बंदच. अकरा महिन्यांच्या करारावर दिला तर मुदत संपल्यावर तो परत ताब्यात घ्यायला कायदा माझ्या बाजूने आहे, हे मला पक्कं माहीत आहे. थोरल्यालाच का देऊ नये, असं बायको दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी विषय बदलला.