अप्पा आणि मादागास्कर

२०२५ च्या दिवाळीत अक्काकडे सुरतेला गेलो होतो. सुरतेतला मराठी माणूस म्हटला की उधना-लिंबायतकडचा खानदेशी आठवतो. आमच्या अक्काचं बिऱ्हाड मात्र तापीपलीकडे, अमरोलीजवळच्या कोसाडला. आई गेल्यापासून अप्पाही तिथेच असतात. तिसरा मजला, खिडकीला जाळी, वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या. खरं सांगायचं तर त्यांना तिथे नेऊन सोडणारा मीच.

एका संध्याकाळी भाच्याने 'मादागास्कर' लावला, हिंदीतला. चित्रपट जुना, २००५ सालचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयातला मार्टी नावाचा झेब्रा दहा वर्षांचा होतो आणि त्याला रान बघायची हुक्की येते. पुढे त्याच्यासकट ॲलेक्स सिंह, मेलमन जिराफ आणि ग्लोरिया पाणघोडी अशी सगळी मंडळी पेट्यांत बंद होऊन जहाजावर चढतात आणि समुद्रात पडून मादागास्करच्या किनाऱ्याला लागतात. ॲलेक्सला रोज मांसाचा तुकडा हातात मिळालेला. तो कुठून येतो, हे त्याला ठाऊकच नाही. रानात पोटात आग पडते तेव्हा त्याला जिवलग मित्रांच्या जागी मांसाचे तुकडे दिसू लागतात आणि तो मार्टीलाच चावतो. भाचा खो खो हसला. अप्पा हसले नाहीत. "शिकवलंच न्हाई कुणी त्येला," म्हणाले.

शेवटी पेंग्विन त्याला मासे खाऊ घालतात आणि सगळं गोड होतं. त्यावर अप्पा म्हणाले, "मग मासं कुणाचं कोण लागत न्हाईत व्हय?" भाचा निरुत्तर. मीही. हा चित्रपट मी घरी मुलांबरोबर दोनदा पाहिलेला, पण हे कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय बघायला गेलो. महापालिकेचं आहे, तापीकाठी. तिथली पाणमांजरं प्रसिद्ध. त्यांची पैदास तिथे चांगली होते. भाचा म्हणाला, जळबिलाडी. मी म्हटलं, पाणमांजर. अप्पा म्हणाले, "नीरुनायी." गुजराती-मराठीत मांजर आणि कन्नडात कुत्रा! लहानपणी दूधगंगेत पाहिल्याचं अप्पांनी सांगितलं. "आपापली मासं धरायची ती," म्हणाले आणि बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले. सिंहाच्या पिंजऱ्यापाशी मात्र रंगात आले. "ऊट आयता?" म्हणून त्याचीच चौकशी केली. शेजारची गुजराती मंडळी आमच्याकडे बघू लागली.

परतताना रिक्षात त्यांनी नांदणीच्या महादेवीचा विषय काढला. आपल्या भागात तो कुणाला ठाऊक नाही? तीस वर्षांहून अधिक काळ मठात राहिलेली ही हत्तीण २०२५ च्या जुलैअखेर न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनताराला गेली आणि गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. तिच्या पायांच्या दुखण्याचं जे म्हटलं गेलं ते मला खोटं म्हणवत नाही, आणि तिला निरोप देताना रडलेली माणसंही खोटी म्हणवत नाहीत. तिचं घर कुठलं म्हणायचं? रान तर तिनेही सोडून कैक वर्षं झालेली. अप्पांचं म्हणणं सरळ होतं. "तीबी गुजरातला, मीबी गुजरातला."

अक्का ऐकून चिडली. तिचंही बरोबर. गावातलं घर बंद, शेजारपाजार पांगलेला, अप्पांचं रक्तदाब-साखरेचं दुखणं, आणि मी दिवसभर कॉलेजात. "रात्री चक्कर आली तर कोण बघणार? तू?" तिने विचारलं. मी विषय बदलला.

निघायच्या आदल्या रात्री अप्पांनी हळूच विचारलं, "तिकीट एकच काढलायस काय रे?"

एकच काढलं होतं. दिवा मालवल्यावर मोबाइलवर दुसऱ्या जागेचं बघत बसलो. वेटिंग पन्नासच्या वर गेलं होतं.