मुरुमाच्या वाटेने, बेताबेताने

पालघरच्या हुतात्मा चौकात पाच वीरांचे स्मारक आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी येथे प्राण वेचले. या गावातून समुद्राकडे जाणारे डांबरी रस्ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांना दोन्ही अंगांनी फुटणाऱ्या मुरुमाच्या, वाळूच्या आणि शेतबांधाच्या वाटा सायकलीवाचून सहसा कळत नाहीत. मोटारीस त्या अरुंद पडतात आणि पायी गेल्यास लांब वाटतात. त्या वाटांची ओळख येथे करून द्यावयाची आहे. साठी-सत्तरी ओलांडलेले वाचक आणि त्यांची काळजी वाहणारे कुटुंबीय असे दोघेही त्या वेळी डोळ्यांसमोर आहेत.

युरोपात भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगराळ मुलुखात अशा कच्च्या वाटांवरून सायकलीने हिंडण्याची मोठी आवड निर्माण झाली आहे. इटलीच्या तस्कनी प्रांतातील पांढऱ्या मातीच्या वाटांवर डांबर पडू नये, या हेतूने १९९७ साली गायोले या लहानशा गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली. जुन्या पोलादी सायकली आणि जुनी खेडी हे तिचे वैशिष्ट्य. अशा वाटांसाठी आता ‘ग्रॅव्हल’ सायकल म्हणून वेगळा प्रकार बाजारात मिळतो. तिचा टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतो. आपल्या आजोबांच्या आणि दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस-दीड इंची टायरही जवळजवळ तेवढाच रुंद! ती सायकल वजनाने जड होती, तिला गिअर नव्हते, हे खरे. पण खडीच्या वाटेस ती मुळातच योग्य होती.

सायकल काढून घ्यावी काय?

माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, वय एकाहत्तर. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून ते घरी आले, तेव्हा मुलाने काळजीपोटी त्यांच्या सायकलीला साखळी घातली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. गुरुजींचे वाडीत जाणे थांबले, मित्रांकडे जाणे थांबले. वजन वाढले, साखर वाढली, बोलणे मात्र कमी झाले. “डॉक्टर, तुम्हीच बाबांना समजवा,” असे मुलगा म्हणाला. गुरुजी म्हणाले, “पडलो तर हाड मोडेल, हे मला समजते. पण न पडताच मोडून चाललो आहे, त्याचे काय?”

दोघांचेही म्हणणे खरे होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी ५५ ते ७९ वर्षे वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंचा अभ्यास केला. वयाबरोबर स्नायूंचे बल आणि रोगप्रतिकारशक्ती यांत जी घट अपेक्षित असते, ती त्यांच्यात पुष्कळच कमी आढळली. हे लोक अनेक वर्षे नियमित सायकल चालविणारे होते, हेही ध्यानी ठेवावे. दुसरीकडे, उतारवयातील पडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना डोक्यास लागलेला मार तर धोक्याचाच.

म्हणून आम्ही वाद न घालता अटी ठरविल्या. हृदयरोगतज्ज्ञांची संमती घ्यावयाची, चालत्या पट्ट्यावरील तपासणी करावयाची, डोळे आणि मोतीबिंदू तपासून घ्यावयाचे. हेल्मेटवाचून निघावयाचे नाही आणि एकट्याने जावयाचे नाही. औषधाची मात्रा जशी वाढवीत नेतात, तसे एका हिवाळ्यात चार टप्पे करावयाचे ठरले.

पहिली मात्रा : माहीम ते केळवे

पालघरहून सात-आठ किलोमीटरवरील माहीम हे इतिहासातील महिकावती. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीने या गावाचे नाव अभ्यासकांपुढे आणले. गुरुजींच्या सायकलीची साखळी निघाली आणि आम्ही येथूनच आरंभ केला. कारण माहीमपासून केळव्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट, वाड्यांमधून जाणारी आणि सावलीची आहे. नारळी-पोफळी, केळी आणि पानवेलींचे मांडव यांच्यामधून जाताना सकाळचे ऊनही गाळून अंगावर येते. केळव्यास शीतलादेवीचे मंदिर आहे, पुढे सुरूचे बन, त्याच्या आत भुईकोट आणि खाडीच्या मुखाशी पाणकोट.

येथे शिकण्याची गोष्ट वेगाची. कच्च्या वाटेवर सायकल आपोआप मंदावते आणि मालमोटारींपासून दूर राहते. वृद्धांच्या दृष्टीने हा तिचा मोठा गुण. परंतु सुट्या वाळूत पुढचे चाक घसरते. तेथे हॅण्डल जोराने वळवू नये, पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. सरळ उतरून चालावे. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवल्यास मनगटांना व मानेला बसणारे हादरे कमी होतात. हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर पकड सैल करून थांबावे. मानेच्या मणक्यांचा विकार असणाऱ्यांनी हॅण्डल उंच ठेवावे.

दुसरी मात्रा : शिरगाव आणि सातपाटी

माहीमच्या उत्तरेस शिरगाव. समुद्रालगतचा तेथील किल्ला १७३९च्या आरंभी, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. किल्ल्यात फांद्या फुटलेले दुर्मीळ ताडाचे झाड पाहावयास मिळते. तटावर जाण्याची घाई मात्र करू नये. बराच वेळ पायडल मारून उतरल्यावर रक्त पायांत साचते आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यास अंधारी येऊ शकते. सायकल धरून एक मिनिट उभे राहावे, मगच पायऱ्या चढाव्यात.

पुढे सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले मासेमारांचे बंदर. गल्ल्या अरुंद, जाळी पसरलेली, पोरेबाळे खेळत असलेली. येथे सायकल हाती धरून चालणेच शोभते. घरी नेण्यासाठी सुके बोंबील घेण्याचा मोह होतोच. घ्यावेत, रक्तदाबाच्या रुग्णाने त्यातील मिठाचा हिशेब तेवढा ठेवावा.

सागरी हवेत घाम वाळत नाही आणि तहानही उशिरा कळते. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी प्यावे. नारळपाणी उत्तम, मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्यातील पोटॅशियममुळे आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावे. हृदयविकारासाठी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर ते मोडू नये.

तिसरी मात्रा : चिंचणी-तारापूर

बोईसरहून तारापूरकडे जाणारा मुख्य रस्ता औद्योगिक वसाहतीमुळे सदैव वाहता असतो. धूर आणि अवजड वाहने यांचा विचार करता दम्याच्या किंवा जुन्या श्वसनविकाराच्या रुग्णांनी तो मार्ग सायकलीसाठी टाळावा. आम्ही सायकली टेम्पोत घालून चिंचणीस नेल्या आणि तेथून आतल्या वाटांनी हिंडलो.

चिंचणी आणि तारापूर ही खाडीच्या दोन तीरांवरील जोडगावे. येथील घरांतून दागिन्यांचे डाय बनविणाऱ्या कारागिरांची बारीक ठोकठोक ऐकू येते. तारापूरच्या किल्ल्यावरील हल्ल्यात, १७३९ सालच्या जानेवारीत, बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. त्याच तारापूरचे नाव १९६९ साली देशातील पहिल्या अणुविद्युत केंद्रामुळे सर्वतोमुखी झाले.

या टप्प्यावर गुरुजींना प्रथमच हातास कंप आणि घाम सुटला. न्याहारी हलकी झाली होती आणि मधुमेहाची गोळी मात्र नेहमीची घेतली होती. खिशातील ग्लुकोज दिले, सावलीत बसविले, बिस्किटे दिली. पंधरा मिनिटांत बरे वाटले. त्या दिवशी पुढे गेलो नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी घेणाऱ्याने साखर खिशात ठेवावीच. सहलीच्या दिवशीची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. गोळी आपल्या मनाने चुकवू नये.

चौथी मात्रा : वाघोबा खिंड

पालघरहून मनोरकडे जाताना डोंगररांग ओलांडणारी वाघोबा खिंड लागते. आमच्या चार टप्प्यांत हाच काय तो डांबरी आणि चढाचा. म्हणून रविवारी पहाटेच निघालो. एका बाजूस काळदुर्गाचा डोंगर आणि माथ्याशी वाघोबाचे मंदिर. वाघाला देव मानणाऱ्या आदिवासींचे हे श्रद्धास्थान; येणारा-जाणारा येथे हात जोडण्यास थांबतो.

चढावर श्रमाचे माप साधे आहे : बोलता यावे, गाता येऊ नये. बोलणेही तुटू लागले की उतरावे. हृदयाची गती मंद ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी मनगटावरील यंत्रातल्या आकड्यावर विसंबू नये, श्वासच खरा. छातीत दाब, जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, यांपैकी काहीही जाणवल्यास “थोडे पुढे जाऊन पाहू” असे म्हणू नये. तेथेच थांबून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गुरुजी दुसऱ्या वळणावर शांतपणे उतरले आणि सायकल ढकलीत वर आले. त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाही. धाप अधिक लागली ती सोबत आलेल्या मुलालाच! त्यानंतर सायकलीच्या साखळीची किल्ली गुरुजींच्या खुंटीवर आली.

कुटुंबीयांसाठी थोडेसे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या भागातील उत्तम काळ. वृद्धांसाठी मधला आडवा दांडा नसलेली सायकल घ्यावी. अनेकजण चालविताना नव्हे, तर चढता-उतरताना पडतात. बैठक इतकी उंच ठेवावी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. गुडघेदुखीत सायकल बहुधा मानवते. परंतु तिने हाडांवर भार पडत नाही, म्हणून चालणे आणि स्नायूंचे व्यायाम सोडू नयेत. तोल जाणे, घेरी येणे किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर रस्त्यावर नेऊ नये. घरातील स्थिर सायकल बरी.

खिशात औषधांची यादी, रक्तगट, घरचा दूरध्वनी क्रमांक आणि खडीसाखर असावी. आणि शक्य असेल तर पहिल्या फेरीस घरातील कोणी सोबत जावे. वडील कोठे थांबतात, कोठे दमतात, कोणाशी बोलताना त्यांचा चेहरा खुलतो, हे त्यांच्या मागून सायकल चालविताना जितके नीट दिसते, तितके तपासणीच्या कागदावर दिसत नाही.