तोलाई

ब्युनोस आयर्सच्या फ्लोरिदा रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने माणसं उभी असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानाशी पुटपुटतात, ‘काम्बियो, काम्बियो.’ पैसे बदलून हवेत का, असं विचारणारी माणसं. पहिल्या दिवशी मी पर्स पोटाशी धरून तो रस्ता ओलांडला आणि सान तेल्मोतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर टँगोच्या वर्गात जाऊन उभी राहिले. तिथेही बाईंच्या तोंडून पहिला शब्द आला तो हाच. ‘काम्बियो दे पेसो.’ मी दचकले. पेसो म्हणजे तिथला रुपया. पण पेसो म्हणजे वजनसुद्धा. एका पायावरचं वजन उचला आणि दुसऱ्या पायावर ठेवा, एवढंच त्या सांगत होत्या. वाशीच्या एका बँकेत चोवीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजलेल्या मला तो शब्द एकदम घरचा वाटला.

पहिले चार दिवस नाच नव्हताच. नुसतं चालायचं होतं. माडीच्या लाकडी जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी चालत होते आणि बाई डोकं हलवत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘तुमचं वजन दोन्ही पायांवर अर्धं अर्धं वाटलेलं आहे. म्हणून तुम्हाला कुठे जाता येत नाही.’ टँगोत सगळा भार एका पायावर असतो आणि दुसरा पाय त्यामुळेच मोकळा असतो. समोरच्याला तुमच्या छातीच्या आधाराने कळलं पाहिजे की भार आत्ता कुठल्या पायावर आहे. लपवलात, तर तो तुम्हाला पुढे नेऊ शकत नाही.

त्या रात्री खोलीवर आल्यावर मला बाबांचं चालणं दिसलं.

बाबा माथाडी. पाटण तालुक्यातून मुंबईला आले, मशीद बंदरच्या गाळ्यात वीस-वीस जणांबरोबर राहिले. पुढे बाजार वाशीला हलला, तसे आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आलो. दाणाबंदरात तेव्हा गोणी शंभर किलोची असे. माझं वाचन सुरू झालं ते बाजारातल्या हिशेबपट्ट्यांवर: हमाली, तोलाई, वाराई. तोलाई म्हणजे माल तोलून दिल्याची मजुरी. मला लहानपणी वाटायचं, तोल सांभाळल्याचे पैसे मिळत असतील. बाबांकडे बघून तसंच वाटलं असतं कुणालाही. पाठीवर गोणी आली की ते वाकून, गुडघे सैल सोडून, बारीक झपझप पावलं टाकत, आणि मध्ये थांबत नसत. मला एकदा म्हणाले होते, ‘भार मानंत धरायचा न्हाई. टाचंतनं खाली जाऊ द्यायचा.’ संध्याकाळी ते जमिनीवर पालथे पडत आणि आई भिंतीला हात टेकून त्यांच्या पाठीवर उभी राही, पावलांनी पाठ तुडवे. दिवसभरात बाबांनी आपणहून मागून घेतलेलं तेवढं एकच वजन.

बाबा गेले त्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, ‘ताई, तुम्ही खांदा सारखा वर धरता. काय उचललंय?’ तिने सहज विचारलं होतं. मला मात्र महिनाभर उत्तर सापडेना. घर, हप्ते, लेकीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण हे सगळं तर पार पडलं होतं. लेक बंगळूरला नोकरीला लागली होती. उचलायचं काही उरलं नव्हतं, तरी खांदा वरच होता. त्याच सुमारास रोहिणी भाट्यांनी मराठीत आणलेलं इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र, ‘मी इसाडोरा’, हाताशी आलं. बॅलेचे बूट काढून अनवाणी नाचणारी ती बाई वाचताना मला नाचायची इच्छा झाली असं म्हणता येणार नाही. मला कुठेतरी अनवाणी उभं राहायची इच्छा झाली, जिथे मला ओळखणारं कुणी नसेल. वर्षातून तीन आठवड्यांची रजा आणि एक देश, असं ठरलं. नवऱ्याने विचारलं, ‘एकटीच?’ मी हो म्हटलं. त्याने सूटकेसचं कुलूप दुरुस्त करून आणलं.

पहिला देश इंडोनेशिया, तिथलं बाली बेट. उबुदजवळच्या पेलियातान गावात लेगाँग शिकवणाऱ्या बाईंना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची नाही. त्या माझ्या मागे उभ्या राहत, दोन्ही मनगटं धरत आणि माझे हात माझ्यासाठी हलवत. बालीत पूर्वीपासून असंच शिकवतात. आगेम म्हणजे तिथलं मूळ उभं राहणं: गुडघे वाकलेले, पाठीला कमान, भार एका पायाकडे, कोपरं उंच आणि खांदे कानांकडे ओढलेले. खांदे वर! जो खांदा खाली आणायला मी वर्षभर तेल चोळत होते, तो त्यांना तसाच हवा होता. त्यांनी तो थोपटला आणि हसल्या. मला रडू आलं. आपल्यात जे बिघडलंय असं वाटतं, त्याला जगात कुठेतरी जागा असते, हे त्या हातांनी न बोलता सांगितलं. पण गुडघे मात्र त्यांनी आणखी खाली दाबले. वरचं वर राहू दे, भार खाली जाऊ दे. बाबांचंच म्हणणं, दुसऱ्या हातांतून.

मग स्पेनमधलं सेव्हिल. त्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं. ग्वादाल्किविर नदीपलीकडे त्रियाना आहे. फ्लामेंकोचं माहेर म्हणावं अशा जागांपैकी एक. तिथला बारा मात्रांचा हिशेब मला आठवडाभर छळत राहिला. जोर तीनवर, सहावर, मग आठ, दहा, बारा. एकतालाच्या बारा मात्रा कानात असलेल्या माणसाचा पाय इथे हमखास चुकतो. आमच्या बाई हिताना, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी होत्या. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघाले, वाटेत शतकं घालवत पंधराव्या शतकात स्पेनला पोचले. एकदा त्यांनी माझ्यापुढे पेला सरकवत ‘पान्यी’ म्हटलं. पाणी! एवढ्या वाटेत सामान किती सांडलं असेल, आणि हा शब्द ओंजळीतून गळला नाही.

त्यांनी विचारलं, तुझं गाव कसं आहे? नवी मुंबई कशी सांगायची? मी फोनवर नेरूळच्या आमच्या इमारतीमागचं चाणक्यचं पाणथळ दाखवलं, गुलाबी पक्ष्यांनी भरलेलं. त्या ओरडल्याच, ‘फ्लामेंकोस!’ स्पॅनिशमध्ये या पक्ष्याचं नाव तेच, जे या नाचाचं. आपण ज्याला रोहित म्हणतो तो. मी सात समुद्र ओलांडून जे शिकायला गेले, त्याचं नाव माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दर हिवाळ्यात उतरत होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्यांच्या आजीचं घर कुठे होतं ते दाखवलं. त्रियानात हितानोंची मोठी वस्ती होती. मध्ये अंगण आणि भोवती खोल्या असे वाडे. १९५०-६० च्या दशकांत ती कुटुंबं तिथून उठवली गेली आणि शहराच्या कडेला, पुढे पोलिगोनो सुरसारख्या वसाहतींत विखुरली. ‘अंगण गेलं,’ बाई म्हणाल्या, ‘मग आजी खुर्चीत बसूनच टाळ्या द्यायची.’ मी गप्प झाले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. माझं शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. आता विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, तरघर, कोंबडभुजे अशी गावं उठली. मी ज्या घरातून उठून स्वतःला शोधायला निघते, त्या घराखाली कुणाचं तरी भाताचं खाचर होतं. आणि तीस वर्षं करावे गावाला लागून राहूनही मी आगरी लग्नातला धवला एकदाही ऐकला नव्हता. परत आल्यावर मासळीवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आमचे हल्दीला ये ना.’ गेले. म्हाताऱ्या धवलारिणीने मांडवात बसून लग्नाचा एकेक विधी गाण्यातून पुढे नेला. तिच्या आवाजाला घाई नव्हती. मग बँजो सुरू झाला आणि मावशींनी मला हाताला धरून मध्ये ओढलं. त्यांची पावलं जमीन सोडतच नव्हती.

रोहित एका पायावर उभा राहतो, त्याबद्दल २०१७ मध्ये अटलांटातल्या दोन संशोधकांनी एक गोष्ट दाखवली. त्या उभं राहण्यात स्नायूंना जवळजवळ कष्टच पडत नाहीत. मेलेल्या पक्ष्याचं शरीरसुद्धा एका पायावर तोलून राहतं, दोन पायांवर राहत नाही. मी हे वाचलं आणि सान तेल्मोच्या बाई आठवल्या. पहाटे पाम बीच रोडच्या बाजूला उभी राहून मी रोहितांना बघते. चिखलात पाय तुडवत खाणं वर काढतात, मग एकेक पाय पोटाशी घेऊन स्वस्थ होतात.

टँगोच्या वर्गातली शेवटची रात्र मिलोंगाची, म्हणजे नाचाच्या बैठकीची. तिथे कुणी हात पुढे करून विचारत नाही. दुरून नजर मिळते, मान किंचित हलते, की ठरलं. चार गाण्यांचा एक संच, तांदा. तो संपेपर्यंत एकमेकांना सोडायचं नाही. एका सत्तरीतल्या गृहस्थांची नजर मिळाली. दुसऱ्या गाण्यात त्यांनी मध्येच थांबून हलकेच म्हटलं, ‘पेसो.’ वजन द्या. मी धरून ठेवलं होतं. कुणावर टाकायचं नाही, ही माझी आयुष्यभराची सवय. आणि तिचं मूळ मला तिथे, त्या अनोळखी खांद्याशी कपाळ टेकलेलं असताना दिसलं.

मी नऊ वर्षांची होते. गावी नागपंचमीला चुलतबहिणीबरोबर फुगडी घालत होते. फुगडीत पाय जुळवायचे, हातांची अढी घालायची आणि दोघींनी मागे रेलायचं. जितकं रेलाल तितका वेग. एकीचा भार दुसरीच्या हातात. वेग वाढला, मी घाबरले आणि हात सोडले. ती आपटली, तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून मी फुगडी घातली नाही. पिंगा, झिम्मा चालले, फुगडी नाही. लोक समजायचे, मला आवडत नाही.

यंदा नागपंचमीला कोपरखैरण्याला गेले. वसाहतीच्या मैदानात बायकांनी फेर धरला होता. आई चौऱ्याहत्तरची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होती. चुलतबहीण आता घणसोलीला असते. ती आली, पदर खोचला आणि माझ्यापुढे दोन्ही हात धरले. डावं मनगट अजून किंचित वाकडं आहे. मी त्याच्याकडे बघितलं. तिने मी बघितलेलं बघितलं.

‘ये,’ ती म्हणाली.

पाय जुळवले. आई ओरडली, ‘अगं, मान कशाला धरतीस? मागं रेल की!’

मी रेलले. तिचं मनगट माझ्या मुठीत ताणलं गेलं आणि धरून राहिलं. मैदानावरचे दिवे लांबट झाले, मग त्यांची एकच रेघ झाली, आणि त्या रेघेमागून आईचा आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला, ‘आणखी. आणखी.’