बौद्ध असून रडतेस?

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्या डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून चार महिने कोणाला सांगितले नाही. न दुखणारी गाठच आधी दाखवावी, हे मला फार उशिरा कळले. भगिनींनो, तुम्ही तरी एवढे लक्षात ठेवा.

आमचे हे गवंडीकाम करतात, मी अंगणवाडीत मदतनीस. जालन्याहून निघताना आईने माझ्या दंडाला काळा गंडा बांधला. महिला मंडळात २२ प्रतिज्ञा म्हणवून घेणारी मी, पण आईचा हात थरथरत होता. मी बाही खाली ओढली आणि गाडीत बसले. एका जाऊबाईंनी तेवढ्यात सुनावले, “मागच्या जन्मीचं काही असेल.” गाठीपेक्षा ते वाक्य जास्त टोचले.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार आणि दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत मुक्काम. (बाबासाहेब गेले आणि अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, गाडगेबाबाही गेले. त्या आवारात झाडू दिसला की मला ते आठवे.) दर २१ दिवसांनी किमो. दुसऱ्या किमोनंतर केस उशीवर पडू लागले तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले. आमच्या वस्तीतले एक कार्यकर्ते भेटायला आले होते. म्हणाले, “बाबासाहेबांची लेक तू. बौद्ध असून रडतेस?” त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या दिवसापासून मी संडासात जाऊन रडू लागले.

शेजारच्या खोलीत विदर्भातल्या एक मावशी होत्या. जन्मभर मिश्री लावलेली, जबड्याचा कॅन्सर, तोंड जेमतेम एक बोटभर उघडायचे. संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसत आणि हात जोडत. त्रिसरणाचा पहिला शब्द त्या कसाबसा उच्चारीत, पुढचे मी म्हणायचे. म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचे. त्यांना कोणी विचारले नाही, रडता का म्हणून. मीही नाही.

पिशवीत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ होता. बाबासाहेबांनी देह थकलेला असताना लिहिलेला हा ग्रंथ, ते गेल्यावर १९५७ साली निघाला. मागच्या जन्मीच्या कर्माची भोगणी बाबासाहेबांनी त्यात साफ नाकारली आहे. जाऊबाईंना उत्तर मिळाले. पुढे आमच्या भन्तेजींनी सांगितले, की सीवक नावाच्या परिव्राजकाला तथागतांनीच समजावले होते: वेदना पित्ताने, कफाने, वाताने, ऋतू बदलल्याने, इजेनेही होतात, सगळे पूर्वकर्माचे म्हणणे चूक. आणि अनाथपिंडिक! एवढा मोठा उपासक, पण आजारपणात सारिपुत्तांचा उपदेश ऐकताना तो रडला. त्याला कोणी धम्मातून काढले नाही. स्वतःच्या घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन आपल्या हातांनी धुतले. आधी पाणी आणले, उपदेश नंतर केला. आपण भेटायला जातो तेव्हा नेमके उलटे करतो, असे मला वाटते.

किमोचे एक औषध लालभडक असते. नळीतून ते येताना दिसले की पोटात गोळा यायचा. मग डोळे मिटून श्वास बघायचा, आत, बाहेर. आनापानाने गाठ विरघळते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. गाठीला औषध आणि शस्त्रक्रियाच लागते. पण भीती येते, थोडा वेळ बसते आणि उठून जाते, एवढे मला त्या खुर्चीत कळले. रात्री झोप येईना, तेही मी रुग्णालयातल्या समाजसेविका ताईंना सांगितले. मनाचे दुखणे सांगायला लाज वाटायची, ती तिथे गेली.

चौथ्या किमोला आई आली. मी बाही वर केली. म्हटले, “आई, तूच बांधलास, तूच सोड.” ती गप्प बसली. मग म्हणाली, “सोडते. पण मग मी तुझ्यासाठी करू काय गं?”

“डोक्याला तेल लाव.”

“केस कुठायत?”

“तरी लाव.”

तिने गंडा सोडून पदराच्या टोकाला बांधला आणि खोबरेल तेल तळहातावर घेतले. माझ्या उघड्या डोक्यावरून तिचा हात किती तरी वेळ फिरत होता. त्या दिवशी मी संडासात गेले नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, आम्ही दोघी रडलो.